मतपत्रिकेची मागची बाजू : वांशिक समन्यायाच्या प्रस्तावांची माहिती मतदारापर्यंत पोहोचावी यासाठी मागणीपत्र

प्रति,
न्यूयॉर्क शहरातील निवडणूक, मतदार-शिक्षण, नागरी सहभाग आणि वांशिक समन्याय या कामांची जबाबदारी असलेल्या सर्व यंत्रणा

विषय : मतदारांपुढे ठेवल्या जाणाऱ्या वांशिक समन्यायाच्या प्रस्तावांची माहिती-मोहीम कशी चालावी याबाबत

महोदय, महोदया,

आम्ही न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्या मराठी मतदारांचे एक लहान मंडळ आहोत. गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ, मुलांची रविवारची मराठी शाळा ही आमची नेहमीची कामे. मागणीपत्र लिहिण्याची आम्हाला सवय नाही. ते लिहायची वेळ का आली, ते आधी सांगतो.

तारीख ८ नोव्हेंबर २०२२. क्वीन्समधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत मतदान केंद्र होते. आमच्या मंडळातल्या एक काकू तिथे मत द्यायला गेल्या. वय ६८, नागरिकत्व मिळून तीन वर्षे झालेली. गर्दी बरीच होती. काकूंनी चष्मा लावून राज्यपालपदासाठीचा गोल भरला, खालचे उमेदवार बघून तेही गोल भरले, कागद स्कॅनरमध्ये सरकवला आणि स्टिकर लावून बाहेर आल्या. रात्री जेवताना मुलीने विचारले, “आई, मागच्या बाजूचं काय केलंस?” काकूंचा घास हातात राहिला. “मागे काय होतं?”

मागे चार प्रश्न होते. पहिला राज्याचा, पर्यावरणाच्या कामांसाठी ४२० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्याचा. उरलेले तीन आपल्या शहराचे. शहराच्या सनदेला मूल्यांची प्रस्तावना जोडावी का? वांशिक समन्यायासाठी कार्यालय, दर दोन वर्षांनी आराखडा आणि नागरिकांचा आयोग असावा का? आणि या शहरात जगण्याचा खरा खर्च दरवर्षी मोजून जाहीर करावा का? हे तीन प्रश्न ज्या वांशिक न्याय आयोगाने तयार केले तो २०२१ च्या मार्चमध्ये नेमला गेला होता. आयोगाच्या अध्यक्ष जेनिफर जोन्स ऑस्टिन होत्या. शहरभर सुनावण्या झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अंतिम अहवाल आला. म्हणजे मतदारांना समजावून सांगायला जवळजवळ ११ महिने हातात होते. तिन्ही प्रस्ताव भरघोस मतांनी मंजूर झाले, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण ज्यांच्यासाठी हे सगळे केले त्यांतल्या एक काकू कागद न उलटताच घरी आल्या, आणि त्या रात्री त्यांना जे अपराधी वाटले त्याला त्या जबाबदार नव्हत्या.

त्यानंतर आम्ही आमच्या सभासदांना एकेक करून विचारले. मागची बाजू न पाहिलेले इतरही निघाले. पाहून, न समजल्यामुळे कोरी सोडलेले त्याहून जास्त. एका रात्रपाळीच्या नर्सताईंचे उत्तर आमच्या मनात राहिले आहे : “समजलं नाही तर ‘हो’ कशाला म्हणायचं, आणि ‘नाही’ तरी कशाच्या जोरावर म्हणायचं?” ताईंनी मताचे मोल ओळखले होते. त्यांना मत बनवायला जे लागते ते कोणी पुरवले नव्हते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वांशिक समन्यायाचा प्रस्ताव मंजूर होणे आणि तो मतदाराला समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी वेळ, पैसा आणि माणसे लावावी लागतात. जो समाज माहितीपासून सर्वांत लांब आहे त्याच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी पोहोचत असेल, तर प्रस्ताव जी विषमता मोडायला निघाला आहे तीच त्याच्या प्रचारात पुन्हा उभी राहते.

या विषयाशी आमचे नाते कालपरवाचे नाही, म्हणून थोडे मागे जातो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. परत गेल्यावर १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला. सार्वजनिक व्यवहारात सहभागी होण्यातूनच माणूस शिकतो, तेव्हा शिकलेला नाही म्हणून त्याला मतापासून दूर ठेवणे चूक आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. आमच्या पहिल्या तीन मागण्या त्याच विचारातून आल्या आहेत. मतदाराची पात्रता तपासू नका, मजकुराची पात्रता तपासा.

मागणी पहिली : प्रस्तावाची भाषा मतदारांपुढे तपासून घ्या.

न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये कायदा करून राज्यव्यापी प्रस्ताव आठवीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहावेत असे ठरवले. हे चांगले पाऊल आहे. शहराच्या प्रस्तावांनाही तीच अट लावा. पण शब्दांची लांबी मोजणारे सूत्र लावले म्हणजे मजकूर समजला असे होत नाही. २०२४ मध्ये राज्यघटनेतल्या समान हक्कांच्या दुरुस्तीच्या वेळी हे दिसले. वंश, राष्ट्रीय मूळ, वय, अपंगत्व, लिंग अशा अनेक कारणांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारा तो प्रस्ताव. त्याच्या मतपत्रिकेवरील मजकुरात ‘गर्भपात’ हा शब्द घालावा की नाही यावरून प्रकरण न्यायालयात गेले. सोपी भाषा कशाला म्हणायचे यावरच दोन्ही बाजूंचे एकमत नव्हते.

म्हणून आमची मागणी अशी की, मजकूर पक्का करण्यापूर्वी तो प्रत्यक्ष मतदारांना वाचायला द्यावा. वाचून झाल्यावर “समजलं का?” असे विचारू नये, त्यावर सगळे मान डोलावतात. “हे मंजूर झालं तर काय होईल, तुमच्या शब्दांत सांगा” असे विचारावे. ज्या वाक्यावर पाच माणसे पाच वेगळे अर्थ सांगतील ते वाक्य बदलावे.

इथे एक अवघड गोष्ट आम्हाला बोलावीच लागेल, कारण ती आमच्या बाजूची आहे. १९९७ मध्ये ह्यूस्टन शहरात सकारात्मक कृतीचे, म्हणजे मागे ठेवल्या गेलेल्या गटांना संधी मिळवून देण्याचे, धोरण बंद करण्यासाठी लोकांनी सह्या गोळा करून प्रस्ताव आणला होता. त्यांच्या मसुद्यात कोणाशीही भेदभाव करू नये आणि कोणाला झुकते माप देऊ नये अशा अर्थाची भाषा होती. शहराने मतपत्रिकेवरचे शब्द बदलले. स्त्रिया आणि अल्पसंख्याकांसाठीची सकारात्मक कृती संपवावी का, असा थेट प्रश्न छापला. प्रस्ताव पडला आणि धोरण टिकले. पुढे एका न्यायाधीशाने तो शब्दबदल अयोग्य ठरवला. त्याआधी एकच वर्ष, १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियात तशाच अर्थाचा प्रस्ताव ‘नागरी हक्क’ या नावाने लोकांपुढे नेला गेला आणि मंजूर झाला. एकच विषय, दोन शब्दयोजना, दोन निकाल. ह्यूस्टनचा निकाल आमच्या मनासारखा होता, तरी त्या वाटेने जिंकावे असे आम्हाला वाटत नाही. शब्दांच्या आधारावर मिळालेला विजय पुढच्या निवडणुकीत शब्दांनीच हिरावला जातो.

मागणी दुसरी : भाषांतर आणि शब्दसूची मतदानाच्या किमान ६० दिवस आधी खुली करा.

मतपत्रिका मराठीत छापा असे आमचे म्हणणे नाही, हे स्पष्ट करतो. मतदान हक्क कायद्याच्या कलम २०३ नुसार एका भाषिक गटातले इंग्रजी नीट न येणारे, मताधिकाराच्या वयाचे नागरिक १०,००० हून अधिक किंवा एकूण संख्येच्या ५ टक्क्यांहून अधिक असावे लागतात. क्वीन्समध्ये भारतीय भाषांचा गट २०११ मध्ये या कक्षेत आला, बंगाली निवडली गेली, आणि बंगाली मतपत्रिका प्रत्यक्ष हातात पडायला २०१३ उजाडले. शेजारच्या बंगाली बांधवांना ती मिळाली याचे आम्हाला समाधान आहे. आमची संख्या त्या उंबरठ्याच्या खाली आहे. तशीच अनेक लहान भाषांची आहे. शहराचा २०१७ चा भाषा-सुलभता कायदा दहा भाषांमध्ये महत्त्वाची कागदपत्रे द्यायला सांगतो. त्या दहांतही आम्ही नाही.

आमचे मागणे याहून लहान आणि स्वस्त आहे. प्रस्तावाचा अंतिम मजकूर, त्याचे सोपे स्पष्टीकरण आणि पारिभाषिक शब्दांची अर्थासह यादी लवकर प्रसिद्ध करा. ती कोणालाही भाषांतर करून वाटता येईल अशी परवानगी त्यावरच छापा. भाषांतर आम्ही करू. तपासायला एक जबाबदार माणूस द्या.

हे काम किती नाजूक असते ते अनुभवाने सांगतो. २०२२ च्या दिवाळीच्या आसपास आम्ही फराळाच्या कार्यक्रमात दाराजवळ एक टेबल टाकले होते. दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, आगाऊ मतदान २९ तारखेला सुरू होणार होते. तिसऱ्या प्रश्नाच्या शीर्षकाचे आम्ही शब्दाला शब्द भाषांतर करून कागदावर छापले होते : ‘वांशिक समन्याय कार्यालय, आराखडा व आयोग स्थापन करणे’. लोक कागद उचलत, वाचत आणि चकलीच्या ताटलीखाली ठेवून देत. एका आजोबांनी विचारले, “वांशिक म्हणजे? आमच्या वंशाचं काय?” मराठीत ‘वंश’ म्हटले की घराणे डोळ्यांपुढे येते, कूळ येते. ‘समन्याय’ हा शब्द कोर्टकचेरीच्या मराठीतला, घरात कोणी बोलत नाही. मूळ इंग्रजी शब्द तसाच वापरावा म्हटले, तर बँकेत नोकरी करणाऱ्या तरुण मुलांना ‘इक्विटी’ म्हणजे शेअर एवढेच आठवत होते.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून आम्ही कागद पुन्हा लिहिला. “रंगामुळे, मुळामुळे कोणाच्या वाट्याला काय कमी आलं आहे आणि ते भरून काढायला शहराचं प्रत्येक खातं काय करणार आहे, हे दर दोन वर्षांनी लिहून जाहीर करायचं. त्यासाठी एक कार्यालय. त्यावर लक्ष ठेवायला नागरिकांचा १५ जणांचा आयोग.” समानता आणि समन्याय यांतला फरक सांगताना आमच्यातल्या एका वहिनींनी पंगतीचा दाखला दिला. सगळ्यांच्या पानात सारखे वाढणे ही समानता. ज्या पानापर्यंत वाढपी पोहोचलाच नाही तिकडे आधी वळणे हा समन्याय. लगेच दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “आणि तिकडे वळेपर्यंत आमच्या रांगेतली जिलबी संपली तर?” मग वाद रंगला. अर्धा तास टेबलाभोवती माणसे उभी राहून शाळा, घरभाडे, नोकऱ्या, पोलीस यांवर बोलत होती. काही पटले म्हणून गेली, काही न पटता गेली. पण कोणी कागद ताटलीखाली ठेवला नाही.

यातून निघणारी मागणी : शब्दसूचीत एका शब्दाला एक प्रतिशब्द देऊन थांबू नका. त्या शब्दामागची कृती एका वाक्यात लिहा. कोण, काय, किती दिवसांनी, कोणाच्या देखरेखीखाली.

मागणी तिसरी : कागद उलटायला सांगा.

मतदान केंद्रावर मतपत्रिका हातात देताना “दोन्ही बाजू पाहा” हे वाक्य प्रत्येक मतदाराला सांगणे कर्मचाऱ्याच्या कामाचा लेखी भाग असावे. मत देण्याच्या आडोशात आणि स्कॅनरच्या शेजारी बाण दाखवणारे चित्र लावावे, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. हे पुढच्याच मतदानापासून करता येईल.

मागणी चौथी : माहिती देणे आणि मत वळवणे यांतली रेघ सर्वांना दिसेल अशी आखा.

न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न जुना आहे. १९७५ मध्ये राज्याच्या समान हक्क दुरुस्तीवर मतदान होणार होते. राज्याच्या मानवी हक्क विभागाने तिच्या बाजूने प्रचार चालवला, तेव्हा न्यायालयाने तो थांबवला. सार्वजनिक पैशाने सरकारने मतदाराला एका बाजूला ओढू नये, असा निकालाचा आशय होता. १९८६ मध्ये एका शाळा-जिल्ह्याने अंदाजपत्रकाला ‘होय’ म्हणा असे आवाहन केले, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व पुन्हा मांडले. माहिती द्या, गळ घालू नका.

हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण त्याच्या नावाखाली गप्प बसणे आम्हाला मान्य नाही. अनेकदा अधिकारी इतके जपून बोलतात की कागदावर काहीच उरत नाही. प्रस्तावाचे नाव, कलमाचा क्रमांक, मतदानाची तारीख. बाजू घेतल्याचा आरोप टाळायला अर्थच गाळला जातो. निःपक्ष माहितीत पुढील गोष्टी असल्याच पाहिजेत असे आमचे म्हणणे आहे. आजची स्थिती काय, मंजूर झाल्यास नेमके काय बदलेल, काय बदलणार नाही, खर्च कोण करणार, आणि विरोध करणाऱ्यांचा सर्वांत सबळ मुद्दा कोणता. शहराच्या निवडणूक-प्रचार वित्त मंडळाकडून घरोघरी जाणारी मतदार मार्गदर्शिका बरीचशी या वाटेने जाते. तिचा हा गुण इतर सर्व साहित्यात यावा. ‘काय बदलणार नाही’ या मुद्द्यावर आमचा विशेष जोर आहे. का, ते पुढच्या मागणीत येते.

मागणी पाचवी : अफवेला दोन दिवसांत, पुढे पाठवता येईल असे उत्तर.

२०२२ च्या त्या ऑक्टोबरमध्ये आमच्या व्हॉट्सअॅप गटात एक संदेश फिरला. तिसरा प्रश्न मंजूर झाला की स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक या शाळांची प्रवेशपरीक्षा बंद होईल, आपल्या मुलांनी तीन वर्षे केलेला अभ्यास पाण्यात जाईल, म्हणून ‘नाही’ वर गोल भरा. रात्री साडेअकरा वाजता आला, सकाळपर्यंत सगळ्या गटांत पोहोचला. पाठवणाऱ्यांत कोणी दुष्ट नव्हते. घरात आठवीतला मुलगा टेबलावर डोके ठेवून झोपलेला असताना आईबापांनी घाबरून पाठवलेला तो संदेश होता.

वस्तुस्थिती अशी की त्या तीन शाळांची परीक्षा राज्याच्या १९७१ च्या कायद्यात आहे आणि शहराच्या सनदेतल्या दुरुस्तीने राज्याचा कायदा बदलत नाही. प्रस्तावात त्या परीक्षेचा उल्लेखही नव्हता. एवढी दोन वाक्ये अधिकृत शिक्क्याने वेळेवर मिळाली असती तर काम झाले असते. आमच्यातल्या एका वकीलबाईंनी ती लिहिली, पण तोवर चार दिवस गेले होते आणि ‘तुम्ही कोण सांगणार?’ हा प्रश्नही आलाच. उत्तर देताना आम्ही एक पथ्य पाळले, ते तुम्हीही पाळावे. भीती खोटी आहे एवढे सांगून आम्ही थांबलो नाही. शाळांमधली विषमता हा समन्यायाच्या आराखड्याचा विषय होऊ शकतो, त्यावर पुढे सार्वजनिक चर्चा होईल आणि त्या चर्चेत तुम्ही बोलू शकाल, हेही लिहिले. लोकांचा विश्वास अर्धे सत्य सांगून मिळत नाही.

म्हणून प्रत्येक सार्वमताच्या काळात एक छोटे पथक असावे. कोणत्याही नागरिकाने किंवा मंडळाने पाठवलेल्या शंकेला ४८ तासांत, पाच ओळींच्या आत, कोणत्याही फोनवर पुढे पाठवता येईल असे लेखी उत्तर त्याने द्यावे. सोबत तेच उत्तर आवाजात. आमच्या अनेक ज्येष्ठांचे वाचन कमी आणि ऐकणे जास्त आहे.

मागणी सहावी : घरोघरी पोहोचणाऱ्या माणसाला मोबदला द्या.

महाराष्ट्रात सत्यशोधकांचे जलसे झाले, पुढे आंबेडकरी जलसे झाले. हक्काची भाषा वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसापर्यंत ढोलकी आणि डफावर पोहोचली. त्या शाहिरांनी गावात मुक्काम केला, लोकांच्या बोलीत बोलले, रात्री उशिरापर्यंत शंकांना उत्तरे दिली. भुयारी रेल्वेच्या डब्यातली चकचकीत जाहिरात हे काम करत नाही. ती पाहिली जाते, तिला प्रश्न विचारता येत नाही.

माहिती-मोहिमेच्या निधीचा मोठा भाग आज जाहिराती आणि छपाईकडे जातो असे आम्हाला दिसते. त्याचा ठराविक हिस्सा लहान समाज-मंडळांच्या प्रशिक्षित माहितीदूतांसाठी राखून ठेवावा. त्यांना तासाप्रमाणे मेहनताना मिळावा. आमचे स्वयंसेवक दिवसभर टॅक्सी चालवून, दुकान सांभाळून, रुग्णालयातली पाळी संपवून येतात, त्यांचा वेळ फुकट धरू नये. अर्ज दोन पानांचा असावा. ज्या मंडळाकडे पगारी कर्मचारी नाही त्यालाही तो भरता यावा. आणि वेळापत्रक आखताना समाजाचे सण बघावेत. गणपतीत आमच्या सभागृहात जितकी माणसे येतात तितकी वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही सभेला येत नाहीत. भाद्रपदात साहित्य हाती असेल तर निम्मे काम तिथेच होते. ऑक्टोबरच्या शेवटी आलेले खोके आम्ही कोणाला वाटायचे?

मागणी सातवी : मतदानानंतरचा हिशेब.

ही मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२२ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या दुरुस्तीनुसार समन्यायाचा पहिला प्राथमिक आराखडा २०२४ च्या जानेवारीत लोकांपुढे यायला हवा होता. ते वर्ष सरले तरी तो आला नाही. जे टेबलापाशी ‘होय’ म्हणून गेले त्यांनी आम्हाला रस्त्यात थांबवून विचारले, “त्या आराखड्याचं काय झालं हो?” आमच्याकडे उत्तर नव्हते. जिलबीचा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी काही विचारले नाही, फक्त बघितले. पुढच्या वेळी आम्ही कोणत्या तोंडाने टेबल मांडावे?

चौथ्या प्रश्नाचेही तसेच. जगण्याच्या खर्चाचा प्रश्न आमच्या लोकांना सर्वांत लवकर समजला, कारण तो रोजच्या हिशेबाचा होता. देशाची दारिद्र्यरेषा १९६० च्या दशकात मॉली ओर्शान्स्की यांनी किमान आहाराच्या खर्चाला तीनने गुणून काढली. तेव्हाच्या कुटुंबांच्या मिळकतीचा साधारण एक तृतीयांश भाग अन्नावर जात असे. आज महागाईनुसार तो आकडा वाढवला जातो, पण क्वीन्समधले भाडे, पाळणाघर, औषधे त्यात नीट बसत नाहीत. कोणतीही मदत न धरता इथे जगायला खरोखर किती लागते ते शहराने दरवर्षी मोजावे, एवढाच तो प्रस्ताव. आमच्या भगिनींनी त्या टेबलावर वहीत स्वतःचे आकडे लिहून दाखवले होते. भाडे, रेल्वेचा पास, विमा, गावी पाठवायचे पैसे. मत देऊन त्या मोकळ्या झाल्या नाहीत, त्यांना शहराचा आकडा बघायचा आहे.

म्हणून मागणी अशी की, प्रस्ताव मंजूर होताच त्याच्या अंमलबजावणीचे तारखांसह वेळापत्रक छापावे. ज्या पत्त्यांवर मतदानापूर्वी मार्गदर्शिका गेली त्याच पत्त्यांवर दरवर्षी एक पान जावे. काय ठरले होते, काय झाले, काय राहिले आणि का. उशीर झाला असेल तर तो उशीर झाला असे लिहावे. या पानाचे भाषांतर करायलाही आम्ही तयार आहोत.

आता चार शब्द आमच्याच मंडळांसाठी, कारण सगळा भार यंत्रणेवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘मंडळाने राजकारणात पडू नये’ असे म्हणून आमच्याच कार्यकारिणीने २०२२ मध्ये टेबलाला महिनाभर परवानगी दिली नव्हती. करसवलत जाईल अशी भीती होती. सवलतप्राप्त धर्मादाय संस्थांना उमेदवाराचा प्रचार करण्यास पूर्ण मनाई आहे, हे खरे. सार्वमताच्या प्रस्तावाबाबत मात्र नियम वेगळा आहे. निःपक्ष माहिती देण्यावर बंदी नाही, आणि प्रस्तावाच्या बाजूने वा विरोधात बोलणे हे विधिमंडळावर प्रभाव टाकण्याच्या कामात मोजले जाते. ते मर्यादेत करता येते. हा फरक माहीत नसल्यामुळे आमचा महिना वाया गेला. तेव्हा यंत्रणेने लहान मंडळांसाठी या नियमांचे एकपानी पत्रक काढावे, ही आमची आठवी आणि शेवटची मागणी. आमच्या बाजूने आम्ही ठरवले आहे की यापुढे प्रत्येक सार्वमतापूर्वीच्या गणेशोत्सवात माहितीचे टेबल असेल, त्यावर दोन्ही बाजूंचे मुद्दे असतील, आणि तिथे बसणारा माणूस स्वतःचे मत विचारले तरी त्या टेबलावर सांगणार नाही.

या मागण्यांवर पुढील सार्वमताचा मजकूर निश्चित होण्यापूर्वी, म्हणजे त्यात बदल करणे शक्य असतानाच, आपण आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी ही विनंती. भेटीला आम्ही तिघे येऊ : वकीलबाई, नर्सताई आणि काकू. काकूंनी २०२२ ची नमुना मतपत्रिका जपून ठेवली आहे. मागच्या बाजूवर त्यांनी पेन्सिलने मराठीत चारही प्रश्नांचा अर्थ लिहिला आहे. ती त्या सोबत आणतील.

कळावे,

आपले,
मंडळाचे सभासद व कार्यकारिणी
न्यूयॉर्क